पाऊल आधी, हाड मागून: प्राचीन चतुष्पादांच्या पाऊलखुणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊलखुणेचा जीवाश्म म्हणजे नेमकं काय? पावलाचा दगड कसा होतो?

दगड पावलाचा होत नाही, पावलाने दाबलेल्या चिखलाचा होतो. आमच्या जुन्या घराच्या परसातल्या भिंतीत एक वीट आहे, तिच्यावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा आहे. चार बोटं, मधली गादी आणि बोटांच्या टोकांपुढे नखांचे बारीक टोचे. वीट थापून उन्हात वाळत ठेवली असताना ते कुत्रं तिच्यावरून गेलं, नंतर वीट भट्टीत भाजली गेली. कुत्र्याचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही, पण ते तिथून चालत गेलं होतं याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ते मांजर नव्हतं हेही ठरवता येतं, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं आणि कुत्र्याला ते जमत नाही. ही नखं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

निसर्गात भट्टीचं काम काळ करतो. आधी गाळ नेमका हवा तसा ओला असावा लागतो. फार पातळ असला तर पाऊल उचलताच खड्डा मिटतो, आणि फार घट्ट असला तर काही उमटतच नाही. मग तो जरा सुकावा लागतो, किंवा शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांच्या पातळ पापुद्र्याने बांधला जावा लागतो. त्यानंतर पूर, भरती किंवा वाऱ्याने आणलेल्या निराळ्या पोताच्या गाळाने तो हलकेच झाकला जावा लागतो. कोट्यवधी वर्षं वरचं ओझं पडून दोन्ही थरांचा दगड होतो. दोघांचा पोत वेगळा असला की खाणीत पहार लावल्यावर ते नेमके त्या सांध्यावर सुटतात. खालच्या फरशीवर खोलगट ठसा मिळतो, वरच्या फरशीच्या पोटाला त्याचाच उठावदार साचा. जुन्या संग्रहालयांतले बरेच नामांकित ठसे असे उठावदार साचेच आहेत.

चतुष्पाद म्हणजे गाय, बैल, वाघ असे चार पायांचे प्राणी ना?

रोजच्या बोलण्यात हो. जीवशास्त्रात या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. ज्यांच्या पूर्वजांना चार अवयव होते ते सगळे पृष्ठवंशीय प्राणी चतुष्पाद, म्हणजे टेट्रापॉड. बेडूक, घोरपड, कावळा, देवमासा, आपण आणि पाय गमावलेला सापसुद्धा त्यात येतो. मुळात हे सगळे माशांच्या एका शाखेतून आलेले आहेत. ज्यांच्या परांमध्ये मांसल दांडा आणि हाडं होती अशी ती शाखा. म्हणून पहिलं पाऊल कधी आणि कुठे पडलं, हा आपल्याच घराण्याचा प्रश्न आहे.

हाडं असताना पाऊलखुणांना एवढं महत्त्व का?

मेलेल्या प्राण्याचं हाड पुराबरोबर मैलोगणती वाहत जातं. डोंगरात मेलेल्या प्राण्याची कवटी समुद्राच्या गाळात सापडू शकते. पाऊलखूण वाहून जात नाही, ती सापडते तिथेच पडलेली असते. त्यामुळे हा प्राणी या जागी, या ओल्या चिखलात, जिवंत असताना, स्वतःच्या पायांनी चालत होता, एवढं तिच्यावरून खात्रीने म्हणता येतं. हाडावरून प्राण्याचा बांधा कळतो, मागावरून, म्हणजे ओळीने पडलेल्या पावलांवरून, त्याची चाल.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. एका प्राण्याचा सांगाडा एकच, पण तो आयुष्यात लाखो पावलं टाकतो. एखादी जात विरळ असेल, किंवा तिची हाडं टिकणार नाहीत अशा जागी राहत असेल, तर तिची हाडं सापडण्याआधी तिची पावलं सापडण्याची शक्यता असते. या शास्त्राच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलं आहे: पाऊल आधी सापडलं, लोकांनी शंका घेतली आणि हाड मागून आलं. पुढची बरीचशी उत्तरं याच गोष्टीची आहेत.

सर्वांत जुनी चतुष्पादांची पावलं कुठे सापडली?

पोलंडच्या होली क्रॉस डोंगररांगेत, झाखेल्म्ये गावाजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत. २०१० च्या जानेवारीत ग्झेगोश न्येज्वेट्स्की, पेर आल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. वय सुमारे ३९ ते ३९.५ कोटी वर्षं, म्हणजे डेव्होनियन कालखंडाचा (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) मध्य.

या शोधाने एवढी खळबळ का उडाली हे कळायला तेव्हाचा हिशोब पाहावा लागेल. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाकडल्या एल्समिअर बेटावर नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेंकिन्स यांच्या चमूला टिकटालिक सापडला होता. मासा आणि चतुष्पाद यांच्या मधल्या रूपाचा हा प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला खवले होते, पर होते, पण मानही होती आणि पराच्या आत मनगटासारखा सांधाही होता. पाय असलेल्या प्राण्यांची हाडं त्याच्या आसपासच्या आणि नंतरच्या थरांतून मिळत होती. आधी परांचे मासे, मग टिकटालिकसारखे मधले, मग पायांचे प्राणी, अशी ओळ सरळ लागत होती. आणि मग पोलंडच्या खाणीतून टिकटालिकपेक्षा दीड-दोन कोटी वर्षं जुन्या खडकावर पावलं निघाली, तीही बोटांसकट!

मोठ्यात मोठा ठसा २६ सेंटीमीटर रुंद आहे. त्यावरून तो प्राणी सुमारे अडीच मीटर लांब असावा असा अंदाज बांधला गेला, म्हणजे मगरीच्या मापाचा. एका मागात डाव्या-उजव्या पावलांची तिरपी आलटापालट स्पष्ट दिसते. पोट किंवा शेपूट घासल्याची रेघ मात्र कुठेच नाही.

एवढ्याने ओळ मोडली असं नाही, पण तिचा अर्थ बदलला. टिकटालिक हा पायवाल्या प्राण्यांचा थेट आजोबा राहिला नाही. तो त्या जुन्या घरातला, पुढेही बराच काळ टिकून राहिलेला चुलता ठरला. आजोबा गेल्यावरच नातू जन्माला येतात असं थोडंच आहे? जुनी रूपं आणि नवी रूपं कोट्यवधी वर्षं शेजारी-शेजारी नांदू शकतात.

ही पावलं समुद्रातली की जमिनीवरची?

यावर मतं बदलली आहेत, आणि बदलली ती पुरावा पाहून. २०१० च्या लेखात ही जागा समुद्रकाठची, भरती-ओहोटीचा सपाट चिखल किंवा खाजण अशी मांडली होती. चतुष्पादांचा जन्म नदी-तळ्यांच्या गोड्या पाण्यात झाला असं मानणाऱ्यांना तो धक्काच होता. पुढे त्याच खाणीचे थर पुन्हा बारकाईने तपासले गेले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आला की ही पावलं तात्पुरत्या उथळ डबक्यांच्या, मधूनमधून कोरड्या पडणाऱ्या भूभागावरची असावीत, थेट समुद्रातली नव्हेत.

मला यातली पद्धत मोलाची वाटते. पाऊल तेच राहिलं, त्याच्याखालचा चिखल नव्याने वाचला गेला. पाऊलखुणा वाचताना निम्मं लक्ष पावलाकडे आणि निम्मं मातीकडे द्यावं लागतं. भेगा पडल्या असतील तर गाळ उन्हात सुकला होता. लाटांच्या वळ्या असतील तर वर पाणी होतं. पावसाच्या थेंबांचे खळगे असतील तर त्या घडीला तो गाळ उघड्या आभाळाखाली होता.

ते ठसे माशांनीच केलेले नसतील कशावरून?

हा आक्षेप शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. झाखेल्म्येचे खळगे म्हणजे माशांनी खाद्य शोधताना किंवा घरटं करताना खणलेले खड्डे असावेत, असं २०१५ मध्ये सुचवलं गेलं. त्याआधी २०११ मध्ये आफ्रिकेतल्या फुप्फुसमाशाचे प्रयोग झाले. हा मासा मागच्या सुतळीसारख्या परांवर अंग उचलून टाकीच्या तळावर चक्क पावलं टाकतो, कधी आलटून-पालटून, कधी दोन्ही पर एकदम. म्हणजे पाय नसलेला प्राणीही तळाच्या चिखलात मागासारखं काही उमटवू शकतो. विशेषतः बोटं न उमटलेल्या, नुसत्या गोल खळग्यांच्या मागाबद्दल सावध राहायला हवं, हे अगदी योग्य आहे.

माझ्या मते झाखेल्म्येच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. काही सुट्या ठशांत बोटांचे आकार आहेत, आणि पुढच्या-मागच्या पावलांची तिरपी लय सलग चालताना दिसते. खाद्य शोधणारा मासा अशी लय कशाला पाळेल? पण मत आणि निकाल वेगळे. त्या थरांत हाड सापडेपर्यंत वाद मिटणार नाही.

हाडांचा आणि मागाचा मेळ बसला नाही असं कधी झालंय?

झालंय, आणि तिथेच खरी गंमत आहे. ग्रीनलंडमधला इक्थिओस्टेगा हा सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांच्या चित्रांत तो पाण्यातून दमदार पावलं टाकत बाहेर येताना दाखवला गेला. त्याच्याच प्रदेशातल्या अकँथोस्टेगाला पुढच्या पायाला आठ बोटं होती आणि इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात, हे १९९० मध्ये मायकेल कोट्स आणि जेनी क्लॅक यांनी दाखवलं. पाच बोटं हा मूळ आराखडा, ही समजूत तिथेच संपली.

नंतर २०१२ मध्ये संगणकावर इक्थिओस्टेगाचे सांधे फिरवून पाहिले गेले. सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, चालताना खांदा आणि खुबा ज्या प्रकारे पिळतो ते त्याला शक्यच नव्हतं. जमिनीवर तो बहुधा दोन्ही पुढचे पाय एकदम टेकवून, कुबड्या टाकल्यासारखा पुढे सरकत असावा. कोकणातल्या खाडीच्या चिखलात निवटी पाहिली आहे? ओहोटीला पुढच्या परांवर रेटा देत ती पुढे पुढे सरकते. साधारण तसंच.

आता विचार करा. इक्थिओस्टेगापेक्षा अडीच-तीन कोटी वर्षं जुन्या पोलंडच्या चिखलात आलटून-पालटून पडलेली पावलं आहेत. ती इक्थिओस्टेगासारख्या प्राण्याची असू शकत नाहीत. म्हणजे तेव्हा चालणारे प्राणी एकापेक्षा जास्त तऱ्हांचे होते आणि त्यातल्या काहींची हाडं अजून आपल्या हाती लागलेली नाहीत.

इतर जुने माग कोणते?

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या व्हॅलेन्शिया बेटावर समुद्रकाठच्या खडकात सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचा लांबलचक माग आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इवान श्टोसेल या स्विस विद्यार्थ्याला तो फिरताना दिसला. जवळच्या ज्वालामुखी राखेच्या थरावरून त्याचं वय काढता आलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या जेनोआ नदीकाठचे डेव्होनियन माग तर १९७२ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. १८४१ मध्ये विल्यम लोगन यांना हॉर्टन ब्लफ इथे कोळशाच्या युगाच्या सुरुवातीच्या खडकांत पावलं दिसली. त्या काळात जमिनीवर पृष्ठवंशीय प्राणी होते याचा तो पहिला पुरावा. आता दैव पाहा: डेव्होनियन संपल्यानंतरचा हाच दीड-दोन कोटी वर्षांचा काळ पुढे पुराजीवशास्त्रज्ञ आल्फ्रेड रोमर यांच्या नावाने ‘रोमरची पोकळी’ म्हणून ओळखला गेला, कारण त्यातली चतुष्पादांची हाडं फारच तुरळक मिळत होती. हाडं शोधणारे पोकळी पोकळी म्हणत राहिले आणि पावलं १८४१ पासून तिथेच होती.

ऑस्ट्रेलियातली, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली नखांची पावलं एवढी महत्त्वाची का मानतात?

आता त्या विटेवरच्या कुत्र्याची नखं आठवा.

व्हिक्टोरिया राज्यात मॅन्सफील्डजवळ दोन स्थानिक हौशी शोधकांना वाळूखडकाची एक फरशी मिळाली, जेमतेम ३५ सेंटीमीटरची. ती जॉन लाँग, आल्बर्ग आणि न्येज्वेट्स्की यांच्या चमूने अभ्यासली आणि मे २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. वय सुमारे ३५.५ कोटी वर्षं, म्हणजे रोमरच्या पोकळीच्या ऐन पोटात. फरशीवर पावसाच्या थेंबांचे खळगे आहेत, आणि लांब बोटांची पावलं आहेत. त्या बोटांच्या टोकांना बाकदार नखांच्या खुणा आहेत.

खरी नखं ही सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या कुळाची खूण. या कुळाला अ‍ॅम्निओट म्हणतात. त्यांचा गर्भ स्वतःच्या पाण्याच्या पिशवीत वाढतो, त्यामुळे अंडी घालायला डबकं लागत नाही. बेडूक-सॅलमँडर यांच्या घराण्यात अशी नखं साधारणपणे नसतात. तोवर या कुळाचा सर्वांत जुना नि:शंक सांगाडा नोव्हा स्कॉशियातल्या जॉगिन्सचा हायलोनोमस होता, सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. एका फरशीने तो आकडा साडेतीन कोटी वर्षं मागे ढकलला.

परिणाम तिथेच थांबत नाहीत. अ‍ॅम्निओट इतके आधी तयार होते, तर त्यांची शाखा आणि बेडकांची शाखा वेगळी झाली ती त्याच्याही आधी, म्हणजे डेव्होनियनमध्येच. माशापासून घोरपडीसारख्या प्राण्यापर्यंतचा प्रवास आपण समजत होतो त्यापेक्षा कितीतरी झपाट्याने झाला असणार. ही फरशी लाल मातीच्या पायवाटेवर पडलेली असती तर आपल्यापैकी बहुतेकांनी तिच्यावर पाय देऊन पुढचा रस्ता धरला असता.

मागावरून नेमकं काय काय मोजतात?

उन्हाळ्यात धुळीच्या वाटेवरून घोरपड गेलेली पाहा. मधे शेपटीची नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना दूरदूर पडलेली पावलं. तिच्याशेजारून कुत्रं गेलं असेल तर त्याची पावलं जवळजवळ एका रेषेत पडतात. घोरपडीचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले, कुत्र्याचे अंगाखाली. लागोपाठच्या तीन पावलांना जोडून कोन मोजला की हा फरक आकड्यात येतो. फाकलेल्या चालीत तो काटकोनाच्या आसपास राहतो आणि पाय अंगाखाली येतील तसा सरळ रेषेकडे सरकतो. पुढच्या-मागच्या पावलांच्या अंतरावरून धडाची लांबी काढतात. ठशाचा कुठला भाग खोल आहे यावरून भार कुठे होता ते कळतं. नुसते बोटांच्या टोकांचे ओरखडे असतील तर प्राणी बहुधा पाण्यात तरंगत, तळाला पाय लावत चालला होता.

वेगही काढता येतो. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये त्यासाठी सूत्र दिलं. डायनासोरसाठी पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट खुब्याची उंची धरतात. समजा पाऊल २५ सेंटीमीटर, म्हणजे खुबा एक मीटरवर, आणि एकाच पायाच्या दोन ठशांतलं अंतर दोन मीटर. सूत्रातून सेकंदाला सुमारे अडीच मीटर येतात, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. पण हे सूत्र अंगाखाली सरळ पाय असलेल्या प्राण्यांवरून बसवलेलं आहे. फाकून चालणाऱ्या जुन्या चतुष्पादांना ते जसंच्या तसं लावू नये, आणि फार मऊ चिखलातल्या मागालाही नाही.

ठसा कोणत्या प्राण्याचा हे ठरतं कसं?

अवघड काम आहे, आणि त्याचा इतिहास फार रंजक आहे.

स्कॉटलंडमध्ये रुथवेल गावचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांच्याकडे कॉर्नकॉकल म्यूरच्या खाणीतल्या लाल वाळूखडकाची पावलं आली. १८२८ मध्ये त्यांनी ती विद्वानांपुढे मांडली. दगडावरच्या मागाचा हा पहिला शास्त्रीय अभ्यास मानला जातो. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांना साचे पाठवले गेले. बकलंड यांनी काय करावं? कणीक मळून लाटली, ओली वाळू पसरली आणि त्यावरून जिवंत कासवं चालवली! मिळालेली पावलं दगडातल्या पावलांशी ताडून पाहिली आणि ती कासवाची ठरवली. उत्तर चुकलं. आज ते माग सस्तन प्राण्यांच्या दूरच्या नातलगांचे मानतात. रीत मात्र बरोबर होती: जिवंत प्राणी चालवा आणि ताडून पाहा.

दुसरी गोष्ट जर्मनीतल्या हिल्डबुर्गहाउजेनची. १८३४ मध्ये तिथल्या वाळूखडकात माणसाच्या पंजासारखे ठसे निघाले. योहान याकोब काउप यांनी पुढच्या वर्षी नाव दिलं कायरोथेरियम, म्हणजे हाताचा पशू. कुणी माकड म्हणालं, कुणी अस्वल, कुणी पोटपिशवीचा प्राणी. अडचण अंगठ्याची होती: तो बाहेरच्या बाजूला होता. मग काहींनी चित्रच असं काढलं की प्राणी पायावर पाय टाकत, कात्री घालत चालतोय. १९२५ मध्ये वोल्फगांग झ्योर्गेल यांनी शांतपणे मोजमाप केलं आणि सांगितलं, तो अंगठा नाहीच, करंगळी आहे. बाहेर वळलेलं पाचवं बोट. त्यावरून त्यांनी मगरींच्या जुन्या नात्यातला, पाय अंगाखाली घेऊन चालणारा प्राणी कल्पिला. हाड एकही हाती नसताना! १९६५ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँते सान जॉर्जो डोंगरातल्या तिचिनोसुकसचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्याचं पाऊल कायरोथेरियमच्या ठशाशी जुळलं. पाऊल आधी, हाड एकशे तीस वर्षांनी.

तरी ठशाचं नाव कायरोथेरियमच राहिलं. पावलांना स्वतंत्र नावं देण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. एकच प्राणी चिखलात आणि वाळूत निराळे ठसे उमटवतो, आणि निराळ्या प्राण्यांचे ठसे सारखे दिसू शकतात.

कधी पाऊल आणि सांगाडा दोन्ही मिळतात का?

क्वचित. जर्मनीतल्या थुरिंगियातल्या ब्रोमाकर खाणीत ओरोबेटीस या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे उत्तम सांगाडे आणि त्याचेच माग मिळाले. २०१९ मध्ये जॉन न्याकातुरा आणि लोझानचे आउके आइस्पेर्ट यांच्या चमूने त्याच्या सांगाड्यावरून यंत्रमानव बांधला आणि त्याला वेगवेगळ्या चालींनी चालवलं. जी चाल दगडातल्या मागावर बसेल, सांध्यांना झेपेल आणि तोल सांभाळेल तीच खरी धरायची. निष्कर्ष असा की ओरोबेटीस अपेक्षेपेक्षा उंच, अंग उचलून, सफाईदार चालायचा. बकलंड यांच्या कणकेवरच्या कासवाचंच हे पुढचं पाऊल.

महाराष्ट्रात अशी पावलं मिळतील का?

राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तप्त लाव्ह्यावर कुणी चालत नाही आणि थंड कातळावर पाऊल उमटत नाही. म्हणून सह्याद्रीच्या कातळात ही पावलं शोधण्यात अर्थ नाही.

विदर्भाची गोष्ट निराळी. तिथे लाव्ह्याच्या आधीचे गाळाचे खडक उघडे आहेत. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीजवळ मिळालेली ब्रॅकिऑप्स या उभयचर चतुष्पादाची कवटी रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्येच वर्णिली. ती मिळवणारे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या काळातली अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा गवताचा इतिहासच मागे गेला. विष्ठाही पावलासारखीच जिवंतपणीची खूण आहे. भारतात दगडावरचे डायनासोरांचे माग पाहायचे तर राजस्थानात जैसलमेरजवळच्या थैयात टेकडीचं नाव घ्यावं लागेल.

आमच्या गावाजवळ कातळावर देवाची पावलं आहेत. ती जीवाश्म असू शकतात?

रामाची पावलं, भीमाचा गुडघा, सतीच्या पादुका अशा जागा गावोगाव आहेत आणि त्यांच्याशी लोकांची श्रद्धा जोडलेली आहे. तिचा मान ठेवूनच सांगतो: कातळ काळा पाषाण असेल तर ती पावलं कोरलेली असतात किंवा झिजेने तयार झालेले खळगे असतात. खऱ्या मागात एक नव्हे, अनेक ठसे ओळीने, डावं-उजवं असे येतात. पावलाच्या दाबाने बाजूला सरकलेला गाळ कडेला उंचवट्याच्या रूपात राहतो. छिन्नीने कोरलेल्या पावलाला ही कड नसते.

डायनासोरबरोबर माणसाची पावलं सापडली होती म्हणतात, ते खरं का?

नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या पालक्सी नदीच्या पात्रात लांबट खळगे आहेत, त्यांवरून ही गोष्ट पसरली. तीही डायनासोरांचीच पावलं आहेत. टाच टेकवून चालल्याने ती लांब उमटली आणि बोटांच्या जागी नंतर गाळ भरला. काही ‘मानवी’ ठसे तर विकण्यासाठी चक्क कोरले गेले होते.

मला असं काही दिसलं तर काय करू?

खणू नका, फोडू नका, ठसा उठून दिसावा म्हणून खडूने रंगवू नका, प्लास्टर ओतू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, ऊन तिरपं असलं की दुपारी न दिसणारे ठसे उठून येतात. रात्री बॅटरी जमिनीला टेकवून धरली तरी तेच काम होतं. शेजारी पट्टी, नसेल तर पेन किंवा नाणं ठेवून सरळ वरून फोटो घ्या, मग चारी बाजूंनी भरपूर फोटो घ्या. त्यावरून संगणकावर त्रिमित प्रतिकृती करता येते. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. एक ठसा दिसला तर तिथेच थांबू नका, त्याच्या पुढे-मागे त्याच अंतरावर दुसरा शोधा. फरशी सुटी असली तरी तिची मूळ जागा आणि कोणती बाजू वर होती याची नोंद होईपर्यंत उचलू नका. मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरलाच आहे. समाजमाध्यमांवर नेमकी जागा टाकू नका, दगड चोरीला जातात.

प्रत्यक्ष पाहायला कुठे जावं?

परदेशात असाल तर अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचं संग्रहालय चुकवू नका. एडवर्ड हिचकॉक यांनी एकोणिसाव्या शतकात कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातून गोळा केलेल्या शेकडो फरश्या तिथे आहेत. त्याच खोऱ्यात १८०२ च्या सुमाराला प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या पोराला नांगरताना तीन बोटांच्या पावलांची फरशी सापडली होती, आणि लोक तिला बायबलमधल्या नोहाच्या कावळ्याची पावलं म्हणू लागले. हिचकॉक यांनाही ती जन्मभर प्रचंड पक्ष्यांचीच वाटली. होती ती डायनासोरांची.

व्हॅलेन्शिया बेटावरचा माग मात्र संग्रहालयात नाही. तो समुद्रकाठी मूळ जागीच आहे आणि पायवाटेने तिथे जाता येतं. खडक गडद रंगाचा आहे, ठसे उथळ आहेत. पहिल्या नजरेला काही दिसलं नाही तर सूर्य खाली येईपर्यंत थांबा. खळग्यांत सावली भरू लागते आणि दोन समांतर ओळी खडकावरून पुढे जाताना दिसायला लागतात.